डीनचं 'खलास'

चहा संपला असेल तर संपला म्हणा, माझ्यासमोर 'खलास' म्हणू नका.

मस्कतला एका सरकारी कॉलेजच्या लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. आम्हा कंत्राटी लोकांना दोन वर्षं गावी जायला रजा दिली नव्हती, म्हणून आम्ही संपावर बसलो. डीनने मला आत बोलावलं. "संप कशाला? ज्यांना घरी जायचंय त्यांची नावं लिहून दे."

मी आमच्याच रत्नागिरीच्या सलीमभाईंसकट अकरा नावं चांगल्या अक्षरात लिहिली.

"आणि तुझं?"

"आधी यांना जाऊ द्या, सर."

यादी खिशात घालत तो लबाड हसला, "खलास!" तिकडे खलास म्हणजे काम झालं. मी पळतच बाहेर आलो, "खलास! रजा मंजूर!" संप तिथेच मोडला. माबेला भागातल्या आमच्या खोलीवर सलीमभाईंनी स्वतः बिर्याणी केली.

रविवारी, तिकडचा आठवडा सुरू होताच, अकराही जणांच्या हातात काढून टाकल्याची पत्रं. मी डीनकडे धावलो, तर म्हणाला, "घरीच जायचं होतं ना त्यांना?"

सलीमभाई बॅग बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्या गावात खलास कशाला म्हणतात, विसरलास होय रे?"