एक दाढ आणि दोन कॅपा

...आणि वर मलाच ऐकवतात, "तुला काय कळतं त्यातलं?" अहो, लग्नाला एकतीस वर्षं झाली, जेवताना दातांशिवाय दुसरा विषय नाही घरात, मग मला नाही कळणार तर कुणाला? तुम्हाला सांगते, आमचे हे लॅबमध्ये दातांच्या कॅपा घडवतात. हाताने! ब्रशने सिरॅमिकचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचं, बसवून बघायचं, की लगेच कपाळाला हात, "केसभर उंच झाली!" केसभर हो, केसभर!

तर लॅबमध्ये आला कॉम्प्युटर, आणि तो चालवायला एक मॅडम. तोंडाचा स्कॅन दिला की दाढेचं डिझाइन तो आपलं आपणच करतो, दोन मिनिटांत! झालं, घरी रोज तेच पुराण, "त्या मॅडम नुसता माउस हलवतात, त्याला काय काम म्हणायचं?" आणि नेमकी ह्यांचीच दाढ तुटली. टोस्ट खाताना!

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन केला, कॉम्प्युटरची कॅप करायला टाकली. हे म्हणाले, "करा. पण माझी मीही आणणार." घ्या! आठ दिवस खिडकीपाशी, भिंग डोळ्याला, बोलणं नाही चालणं नाही... आणि हात थरथरत होता हो. जरासाच. केसभर म्हणा ना. मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून चहा ठेवून आले.

दवाखान्यात आधी ह्यांची कॅप घातली. कुठे उंच लागते ते कळायला निळा कागद चावायला दिला. बाई हळूच म्हणाल्या, "काका, थोडी उंच आहे... आणि कडेला सुई अडकतेय." मग कॉम्प्युटरची. टुक्! बसली. सुई कडेवरून अशी घसरली, जणू तिथे जोड नव्हताच. बाई भल्या हो, म्हणाल्या, "काका, तुमची घासून घेता येईल. कुठली चिकटवू?"

मी मनात म्हणतेय, अहो, म्हणा की 'माझी'! कोण अडवतंय? आणि हे, आ वासलेला, गालात कापूस, म्हणतात, "ओंप्यूअअची!"

जिना उतरताना मी म्हटलं, "तुमचीही चालली असती की हो." तर थांबले. म्हणाले, "अगं, दुसऱ्या कुणाच्या तोंडात असती तर मीच परत मागवली असती. केसभर फरक म्हणजे फरकच."

सोमवारी त्या मॅडमशेजारी खुर्ची ओढून बसले, "शिकवा मला." त्या म्हणाल्या, "काका, ह्या कॉम्प्युटरला दोन दात एकमेकांवर कसे टेकतात ते नीट जमत नाही, ते तुम्ही मला दाखवा." आता घरी माउस आलाय. जेवणाच्या टेबलावर!

आणि ती हातची कॅप? माझ्या तळहातावर ठेवली, "ठेव तुला." एवढा कारागीर नवरा, एकतीस वर्षांत स्वतःच्या हाताने घडवून बायकोला पहिल्यांदा काही दिलं, तर काय... दाढ! जपेन हो, जपेन. पण घालू कुठे?