फ्लूनंतरचा घाम

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक आजी-आजोबा हुज्जत घालत होते. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"अहो, ताप उतरला ना तुमचा? मग अंथरूण रोज ओलंचिंब कसं होतं?"

"फ्लूनंतर येतो म्हणे घाम काही दिवस."

"म्हणे कोण? डॉक्टरांनाच विचारू. रात्री बनियन पिळून काढावा लागतो, हे नीट सांगा."

"सांगतो. शिवाय मी पांघरूण फेकलं की कुणीतरी दोन-दोन रजया अंगावर घालतं, तेही सांगतो."

"त्या रात्री कसले थरथरत होतात. म्हणून घालते."

"तेव्हा ताप होता गं. आता नुसता उकडून निघतोय मी."

"म्हणजे जागे असता तुम्ही?"

"असतो की."

"मग रजई नको, असं सांगायचं नाही का?"

"रजई घातलीस की तू माझ्या कपाळावर हात ठेवतेस आणि तशीच झोपून जातेस. सांगितलं असतं, तर हात काढून घेतला असतास."

तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला गेला.

"चला, उठा. आणि डॉक्टरांना हे सगळं सांगत बसू नका. नुसता घाम सांगा."