निवलेलं तळं

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ संशोधक, समोर जमलेले सहकारी, पहिल्या रांगेत आईच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ताईंची लेक, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या पट्टीताई, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी 'थोडक्यात बोला' असं सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडेच पाहिलं. मी यंत्रशाळेतला माणूस. माझी जीभ एकदा चालू झाली की तिला बंद करायचं बटण नाही. तरी प्रयत्न करतो.

खाली प्रवेशदालनातली लांब भिंत आपण रोज पाहतो. दर वर्षाची एक उभी पट्टी. तळ्याचं पाणी थंड असेल तर निळी, तापलं असेल तर तांबूस. संशोधकांनी आकडा सांगायचा आणि ताईंनी रंग कालवायचा. रंगांचा तक्ता त्यांनी कधी हातात धरला नाही. 'रंग मी डोळ्यांनी तोलते,' म्हणायच्या. आणि खरंच, मापात पाप नव्हतं.

गुडघ्यांनी शिडीला नकार दिला, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी यांत्रिक हात बनवला. ताईंनी त्याचं नाव ठेवलं धाकटा. धाकट्याला कॅमेरा बसवला, जुन्या पट्ट्या दाखवल्या. कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे त्यानं थोरलीकडूनच शिकायचं होतं. शिकलाही. पण शेवटच्या काही पट्ट्यांपाशी तो अडायचा. आकडा तापलेला, पट्टी मात्र निळसर. आम्ही काय केलं? धाकट्याचेच कान उपटले. कॅमेरा बदलला, तारा बदलल्या. थोरलीचं चुकलं म्हणणारा धाकटा कोणत्या घरात खपतो?

ताईंनीच एकदा विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं. त्या पाय पुढे करून म्हणाल्या, "माझे मोजे बघ रे."

एक निळा होता, एक काळा.

"लेक कधीची सांगतेय डोळे दाखव म्हणून. मी तिच्यावरच डाफरते."

मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांपुढे पिवळा पडदा धरल्यासारखं झालेलं. त्यातून जग जास्तच तांबूस दिसायचं, म्हणून ताई निळा ओतत गेल्या. इथे येणारी माणसं भिंत पाहून सुटकेचा श्वास टाकत होती. एक बाई मुलीला सांगताना मी स्वतः ऐकलंय, "बघ, तळं परत निवायला लागलं." आता त्या बाईंना कुठे शोधायचं?

पट्ट्या खरवडायच्या की नाही, यावर बैठक झाली. कुणी म्हणालं, ताईंची आठवण म्हणून राहू द्या. कुणी म्हणालं, खोटं ते खोटं. ताई बैठकीला नव्हत्या, शस्त्रक्रिया झाली होती. काळा चष्मा लावून आल्या त्या थेट भिंतीपाशी. चष्मा काढला आणि पाहतच राहिल्या.

"अगं बाई, किती निळं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "असं असतं तर किती बरं झालं असतं."

आणि आवाज न चढवता मला म्हणाल्या, "खरवड."

अध्यक्ष महाराज, त्या निळसर पट्ट्या मी एकेक करून खरवडल्या. ताई स्टुलावर बसून रंग कालवून देत होत्या, धाकटा भरत होता. तांबडा, आणखी तांबडा. शेवटच्या पट्टीच्या तळाशी, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बोटभर निळा राहिला होता. मी पातं पुढे केलं तर ताईंनी मनगट धरलं.

"तेवढं राहू दे. खाली लिही, हे मोजलेलं नाही, मागितलेलं आहे."

आपण तसं लिहिलंय. जाताना वाकून जरूर वाचा.

ताई, तुम्ही खरं दाखवायला शिकवलंत, आणि मागायलाही. मी तुमचा फार ऋणी आहे. आयोजकांचे आणि एवढा वेळ सोसणाऱ्या सभागृहाचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे जास्तीचा रंग पडला असेल तर पोटात घाला. ताईंना मात्र आता सगळं लख्ख दिसतं. त्यांनी सांगावं, मी खरवडीन.