गेटसमोरची आडवी रांग

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या महाळुंगेच्या कारखान्याचे प्रमुख श्याम सर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते रंगराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या इंदुवहिनी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

रंगरावांबद्दल चांगलं बोलायला मला उभं केलंय. ते अवघड नाही. असेंब्ली लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर, तपासणीला, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. पण जरा मागे वळून बघा. हा हॉल भरलाय तो आपल्या ऑफिसच्याच माणसांनी. लाइनवरची माणसं कुठे आहेत?

नव्या मंडळींसाठी सांगते. आपल्याकडे कुणी निवृत्त झालं, की शिफ्ट सुटल्यावर सगळी लाइन गेटसमोर उभी राहते. ज्या क्रमाने काम करते, त्याच क्रमाने. फोटो लांबलचक, आडवा. तो सोशल मीडियावर, कंपनीच्या पेजवर मी टाकायचे, खाली चार ओळी लिहायचे.

मग त्या ॲपने मांडणी बदलली. उभे व्हिडिओ पुढे आले, फोटोंचे चौकोनही उभे झाले आणि आमच्या रांगा दोन्ही टोकांना कापल्या जाऊ लागल्या. ज्योतीराम पहिल्या स्टेशनचे, म्हणजे रांगेच्या टोकाचे. ते निवृत्त झाले तेव्हा बीडहून त्यांच्या मुलीचा, करिष्माचा फोन आला. "मॅडम, बाबांचा निरोप दिसतोय, पण बाबाच दिसत नाहीत. रजेवर होते का?"

तुम्ही हसताय. मीही हसले होते. म्हटलं, "अगं, फोटोवर बोट लाव, पूर्ण उघडेल." पण बोट लावायला थांबतं कोण?

म्हणून आज मी शहाणपणा केला. रांग नको; रंगराव एकटेच गेटमधून चालत येतील, उभा व्हिडिओ, मागे संगीत. लाइनवरची पोरं सवयीने रांगेत उभी राहिलीच होती. मी त्यांना म्हणाले, "जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय."

रंगराव म्हणाले, "मॅडम, मी कधी एकटा गेटाबाहेर पडलोय व्हय?"

"दोन मिनिटं, दादा. मग रांगेचा घेऊ."

कधी ऊन आड यायचं, कधी दादा कॅमेऱ्याकडे बघायचे. मी त्यांना पुन्हा पुन्हा चालवलं. शेवटी त्यांच्यातला गणराज ओरडला, "काका, हिरो झालात राव तुम्ही! पण आमची बस चालली!" पोरं पळाली. रांग झालीच नाही.

व्हिडिओ खूप चाललाय. मघापासून फोन थरथरतोय आणि प्रत्येक वेळी मला लाज वाटतेय. इंदुवहिनींनी हळूच विचारलं, "भिंतीवर लावायचा फोटो कधी मिळंल?" मी "बघते" म्हणाले. काय बघणार होते मी?

श्याम सर, हे मी आधी विचारलेलं नाही. मुद्दाम सगळ्यांसमोर विचारतेय, म्हणजे नाही म्हणणं तुम्हाला जड जाईल. उद्या शिफ्ट सुटल्यावर बस थोडा वेळ थांबवाल? दादा, तुम्हाला घरून, रहाटणीहून पुन्हा यावं लागेल. गणवेश परत केला असेल, तर स्टोअरमधून मी मागून आणते. फोटो आडवाच घेईन. पेजवर टाकणार नाही. छापून घरी आणून देईन.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. दादांच्या दिवशी मी माझंच बोलत बसले, तेवढं पोटात घाला.

सर, मी अजून माइक सोडलेला नाही.