माझ्या एकटीची

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची आत्या बसल्या होत्या. बाईच्या मांडीवर दत्तक घेतलेली लेक झोपली होती.

"लग्नाला नाही म्हणालीस, आणि हे लचांड मागे लावून घेतलंस?"

"हळू बोल गं आत्या, उठेल ती."

"आई तरी म्हणते का?"

"मावशी म्हणते. अनाथाश्रमात सांभाळणाऱ्या सगळ्या मावश्याच ना."

"मग काय मिळवलंस?"

"मी तिथे पडदे शिवायला गेले होते. हिनं विचारलं, 'तू कुणाची मावशी?' म्हटलं, 'कुणाचीच नाही गं.'"

"बरं, मग?"

"म्हणाली, 'मग माझ्या एकटीची होशील?'"

माझं नाव पुकारलं गेलं, पण मला उठवेना. आत्यानं हात पुढे केले.

"दे इकडे तिला. पाय अवघडले असतील तुझे."