वाळूतले गड्डे

— आन् तुमीबी तेच! येतंय ते माणूस दारात थबकतंय आन् म्हणतंय, लंकाबाई, काय डेलिया फुललाय हो, ताटाएवढं फूल! ब्लाउजाचं माप ऱ्हातंय बाजूला, अस्तर आणलंय का न्हाई ते ऱ्हातंय बाजूला. या, बसा ह्या पाटावर. वास घेतला का त्याचा? घेऊन बघा की. काय येतो? काय न्हाई. देवाला कोण वाहत न्हाई, गजऱ्यात बसत न्हाई, नुसतं थोबाड मोठं. मला किळस येते बाई ह्या फुलाची, खरं सांगते. सकाळी झाडताना तोंड फिरवून झाडते मी. मग लावते कशाला? — हां, इचारलंत ना शेवटी. समदी तेच इचारत्यात. लावते. दर जूनला लावते, दहा वर्सं झाली. तुमी नव्या हायसा गावात, शाळेवर येऊन चार म्हयनं झालं असतील, तुमाला काय ठावं. थांबा, सुई ववून घेते आधी — धड दिसत न्हाई आता.

मशीनकडं काय बघताय? जुनी हाय. माझ्या सासऱ्यानं पुण्यातनं एष्टीच्या टपावर घालून आणलेली, आमच्या आत्याबाईसाठी — आत्याबाई म्हंजी माझी सासू. वरची सोनेरी वेलबुट्टी गेली समदी, पण हिच्या पोटातली शटल बघा, होडीगत लांबोडकी. आता असली मिळत न्हाई. मंचरातलं केवलचंद शेठ दर येळी म्हणत्यात, बाई, भंगारात द्या, नवी मोटरची न्या. मी म्हणते, शेठ, तुमी सुया द्या फकस्त. लग्न होऊन आले तवा आत्याबाईनं मला हिच्याफुडं बसवलं. अकरा वर्सं चालवली मी. आपल्या पारगावातल्या निम्म्या बायांच्या अंगावर माझी टीप व्हती. रोज तेल, आठ दिसाला पट्टा पुसायचा — लेकराला पुसावं तशी पुसायची. आन् वाटणी झाली तवा म्हातारी काय म्हणाली? म्हणाली, मशीन धाकलीला. का? तर धाकलीनं जुन्नरला शिवणाचा क्लास केलाय, तिच्याकडं सर्टिफिकीट हाय! काचंत घालून भितीला लावलेलं. माझ्याकडं काय व्हतं? बोटाला घट्टं.

धाकली म्हंजी अश्विनी. माझी जाव. आमचा दीर अमृत, तो खोडदला आभाळ बघायच्या त्या मोठ्या दुर्बिणीवर कामाला. एका घराची दोन घरं झाली, मधी नुसता कूड, आन् कुडाच्या पल्याड माझी मशीन. ऐकू यायची ना! कोरडी वरडायची. तेल न्हाई, पट्टा ढिला, टीप तुटतीय — मी चुलीफुडं बसून समदं ऐकायची. शिसारी यायची. म्हंजी कशी? कुणीतरी आपलं ताट उष्टं करून पालथं घालावं, तशी. न्हाई, ती वाईट नव्हती. मला म्हणाली की, अक्का, दुपारच्या येऊन शिवत जा, मला कुठं येवढं काम असतं. म्हणाली. दोनदा म्हणाली. मी न्हाई गेले. माझ्याच मशीनवर हिच्या परवानगीनं बसू व्हय मी? त्याचाबी राग आला. कुणी गोड बोललं की आणखी राग येतो, असं हुतं का हो तुमाला? न्हाई? शिकलेल्या हायसा तुमी.

तर डेलिया. ते तिचं. अमृतनं दुर्बिणीच्या बागंतल्या माळ्याकडनं गड्डे आणलं, रताळ्यागत, झुपक्यानं. तिनं डालड्याच्या डब्यात, फुटक्या घमेल्यात, घावंल त्यात लावलं. दिवाळीला अशी फुलं आली — लाल, पिवळी, एक तर जांभळं आन् कडंला पांढरं. बाया बघाय यायच्या. शिवून घ्याय यायच्या तिच्याकडं आन् फुलं बघत बसायच्या. माझ्या दारावरनं जायच्या. फेब्रुवारीत झाडं वाळली तवा तिनं गड्डे उकरलं, माती झाडली, एका खोक्यात कोरड्या वाळूत नीट निजवलं. सातवा म्हयना व्हता तिला. बाळंतपणाला जुन्नरला निघाली. खोकं ठेवलं सामाईक पडवीत. मला म्हणाली, अक्का, येवढं बघा हं, ह्याला पाण्याचा थेंब लागला न्हाई पायजे, न्हाई तर कुजत्यात. म्हणलं, जा निवांत.

आन् कुजलं. काय करायचं? पत्र्याला भोक असंल. गळलं असंल. — न्हाई, उन्हाळाच व्हता, पर एखादा वळवाचा पाऊस येतोच की. येवढा एक तांब्या रोज गेला तरी वाळू कुठं —

काय म्हणाले मी?

काय न्हाई. पाऊस म्हणाले. तुमी नका अशा बघू. — बरं. तांब्या म्हणाले. वतायची मी. झालं समाधान? सांजच्याला भांडी घासली की उरलेला तांब्या. पहिल्या दिशी इकडंतिकडं बघून वतला, दुसऱ्या दिशी तेबी न्हाई. मग तर भांडी घासल्यावर जसं हात पुसावं तसं झालं. पंधरा दिसांनी वास याय लागला तरी वतायची. मेलेल्या उंदरावाणी वास. आमचं मालक म्हणायचं, पडवीत काय मेलंय? मी म्हणायची, बघते.

मे म्हयन्याच्या शेवटाला ती आली, काखंत पोरगी, प्राची. पोरीला माझ्याकडं दिली आन् पयलं खोकं वडलं. वाळूत हात घातला. मनगटापातुर गेला हात — काढला तर काळा-पिवळा चिकाट, तार सुटलेली, बोटावर अळी. मला वाटलं वरडंल. मी झगड्याच्या तयारीनंच उभी व्हते, तिची पोर माझ्या कडंवर. तर ती खाली बसली आन् म्हणाली, अक्का, माझंच चुकलं, वाळू वलीच भरली मी. मी काय म्हणाले ठावं हाय? म्हणाले, मी तर रोज बघत व्हते गं. रोज बघत व्हते! थू! अजून ते वाक्य आठवलं की तोंड खळखळून धुवावं वाटतंय. अळीची नव्हती येवढी किळस, त्या वाक्याची येते.

तिनं समदं उकिरड्यात टाकलं. तिची पाठ फिरल्यावर मी गेले, काडीनं चिवडलं. एक गड्डा घट्ट व्हता, कोंबाचा डोळा शाबूत. का घेतला? न्हाई सांगता येत. धुतला, राखंत ठेवला, पाऊस पडल्यावर मागं परसात लावला, तिला दिसणार न्हाई असा. हे समदे त्याचे. दर साली गड्डे फोडून फोडून अठरा झाले.

फुडच्या वर्सी अमृतला नारायणगावात खोली मिळाली. जायच्या दिशी तिनं ही मशीन सवता माझ्या उंबऱ्याशी आणून ठेवली. म्हणाली, अक्का, तुमचीच हाय ही, मला न्हाई जमली. मी लाजेनं मेले असंन म्हणताय? न्हाई. मला आनंद झाला. त्याच दिशी तेल घातलं. हे बी ऐका आता, समदं ऐकलंत तर.

लाज परवा वाटली. दसऱ्याला आली व्हती ती, प्राचीला घेऊन — गेल्यापासनं फुलाच्या दिसांत पयल्यांदाच. दहा वर्सांची झाली पोरगी. दोघी हितंच उभ्या, मघाशी तुमी थबकलात तिथंच. अश्विनी म्हणाली, अक्का, काय हात हाय तुमचा, गड्डा कुठनं घावला? म्हणलं, उगावला. पोरगी म्हणाली, काकी, मला एक द्या ना, मी लावते. तर अश्विनीनं तिचा हात असा मागं वडला. म्हणाली, नको गं, आपल्याला न्हाई जमत, आपल्या हाताला यश न्हाई. दहा वर्सांत त्या बाईनं तुळशीबिगर दुसरं झाड लावलं न्हाई, अमृतनं सांगितलं मला. आन् पोरगी — पोरगी सवताच्या हाताकडं बघाय लागली. उताणा केला, पालथा केला, बघत ऱ्हायली.

तवा सांगायचं व्हतं. तोंड उघडलं मी. अगदी उघडलं. आन् म्हणाले, चहा ठेवू का?

काय? — अजून येळ गेली न्हाई? नारायणगाव काय लांब न्हाई? ते ठावं हाय मला. एष्टी कवाची हाय ते बी ठावं हाय. तिकडं जाऊन काय म्हणू, तांब्या वतायची म्हणू? पोरीच्या म्होरं? तुमी सांगा बरं, तुमी गेला असता? — बघा. कापडाचा काठ चाचपाय लागलात.

द्या ते कापड. न्हाई, द्या न्हाई, न्या. घ्या, ही घडी, हे अस्तर. न्हाई शिवायचं मला. दिवाळी तोंडावर आलीय म्हणून काय झालं, मंचरात लई टेलर हैत. उद्या तुमी अंगात घालणार, शाळंत जाणार, कुणीतरी इचारणार कुणी शिवलं, आन् तुमाला काय आठवणार ते मला ठावं हाय. उठा. माप लिहिलेला कागद बी घेऊन जा. आन् जाताना फाटक वडून घ्या, कुत्रं येतंय.