रिकामी खाट

बायको : हळू बोला. स्वयंपाकघरात बसलीय ती. चहा दिलाय.

सुतार : हळूच बोलतोय. पण आहे कोण?

बायको : दवाखान्यासमोर भेटली. आमची शुक्रवारची प्रार्थना चालली होती, नेहमीसारखी, पलीकडच्या फुटपाथवर. गर्भ पाडायला आली होती. दारापर्यंत गेली, मागे वळली आणि रस्ता ओलांडून थेट माझ्यापुढे उभी राहिली. म्हटलं, झालं, आता शिव्या.

सुतार : दिल्या?

बायको : दिल्या ना. म्हणाली, "तुमचं काय जातंय प्रार्थना करायला?" मी म्हटलं, खरं आहे, पण उन्हात नको, आधी बस. स्टूल पुढे केलं. त्यावर बसली आणि जी रडायला लागली, ती थांबेचना.

सुतार : पाळक काय म्हणाले?

बायको : काय म्हणणार? चर्चचा नियम ठरलेला आहे. ज्याच्या घरी एक खाट रिकामी, त्यानंच तिथं उभं राहायचं. आणि दवाखान्यात आलेली बाई ज्याच्याशी बोलेल, त्यानंच तिला घरी न्यायचं.

सुतार : त्यांना बोलाचीच कढी चालत नाही. म्हणून तर मी मानतो त्यांना.

बायको : मानता ना? मग मागच्या खोलीतल्या खाटेवर दरवाजे कुणी रचलेत?

सुतार : अगं, पॉलिश वाळायला ठेवलेत.

बायको : कधीपासून वाळतंय ते? मी चारचौघांत सांगून बसलेय, आमची खाट रिकामी आहे म्हणून. आज तोंडघशी पाडलंत मला.

सुतार : मला काय माहीत खरंच कुणी येईल? इतके दिवस लोक नुसते बघून पुढे जात होते.

बायको : म्हणजे तुमचा विश्वासच नव्हता.

सुतार : होता की. दरवाजांखाली होता.

(मुलगी दारात येऊन उभी राहते.)

मुलगी : काकू, मी निघते. ऐकलं मी सगळं. माझ्यावरून भांडू नका.

सुतार : हे भांडण नाही, पोरी. आम्ही लग्न झाल्यापासून असंच बोलतो. बस.

मुलगी : खरं सांगू? बेकरीतली माझी मैत्रीण म्हणते, हे लोक बाळ होईपर्यंत गोड बोलतात, मग ओळखसुद्धा दाखवत नाहीत. आगीतून फुफाट्यात पडायचं, तर दवाखाना काय वाईट?

बायको : असे लोक असतात. तुझी मैत्रीण उगाच बोलत नाही. पण आमच्यातल्या शाळेच्या बाई बघ, रिटायर झालेल्या. त्यांच्या खाटेवर आलेली मुलगी आता नर्सिंग शिकतेय. तिचं पोरगं बाईंचा चष्मा नाकावर चढवून घरभर फिरतं, आणि बाई त्याच्या मागे मागे चाचपडत.

मुलगी : आणि मी उद्या परत दवाखान्यात गेले तर?

बायको : तर मला वाईट वाटेल. फार वाटेल, खोटं कशाला बोलू? पोटात आहे तो देवानं दिलेला जीव आहे, असं मी मानते. पण संध्याकाळी जेवायला तू इथंच यायचंस. तेव्हाही.

मुलगी : घरमालकिणीनं आजच खोली सोडायला सांगितलंय. आणि ज्याचं हे मूल, तो तर फोनच उचलत नाही.

सुतार : सामान किती आहे?

मुलगी : एक बॅग.

सुतार : मग बसलोय काय आपण? अगं, त्या टोकाला धर. आधी मोठा दरवाजा काढू. पोरी, तू हात लावायचा नाहीस.

मुलगी : काका, मी अजून काही ठरवलेलं नाहीये.

सुतार : खाटेला काय करायचंय त्याच्याशी? ती झोपायला असते.

बायको : तुम्ही गप्पांत राहाल आणि दरवाजाचा कोपरा भिंतीला घासेल. हळू!

सुतार : झालं. हा शेवटचा. बघ, खाट तशी एकटीपुरती आहे. आमची लेक झाली तेव्हा भिंतीकडून एक फळी जोडली होती मी. लेकरू भिंतीकडे निजवलं की पडायची भीती नाही. ती मोठी झाली, तशी काढली.

बायको : अजून आहे ती फळी?

सुतार : सुतार कधी फळी टाकतो का? माळ्यावर आहे. पण घाई नाही, पोरी. तासून ठेवतो. तू सांगशील तेव्हा जोडू. नाही सांगितलंस, तरी खाट तुझीच.

बायको : चला, बाजूला व्हा. चादर घालू द्या मला. दमलीय ती.

मुलगी : काकू, थांबा जरा.

बायको : का गं?

मुलगी : चादर नंतर घाला. काकांना आधी फळी बसवू द्या.